चार डिक्शनऱ्या

विम्याच्या माणसाला पाहून लोक रस्ता बदलतात. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचा पाट शेवटपर्यंत रिकामा राहतो. चहाचा कप हातात घेऊन मी नुसतं "काय, तब्येत बरी ना?" एवढं विचारलं, तरी समोरचा गृहस्थ घाईघाईने "माझ्या तीन पॉलिशा आहेत हो!" असं सांगून बटाटेवड्यांच्या दिशेने पसार होतो. वास्तविक मी एजंट नव्हे. मी आपला ऑफिसात क्लेम सेक्शनला बसणारा कारकून. माझ्या टेबलावर यायच्या त्या फक्त गेलेल्या माणसांच्या फायली. जिवंत माणसाशी आमच्या सेक्शनचा तसा संबंधच नव्हता. पण हा बारकावा जगाला कोण समजावून सांगणार?

तेव्हा आमच्या या बदनाम धंद्यातल्या एका माणसाने कादंबरी लिहिली, ती पॅरिसला छापली आणि तिला बक्षीस मिळालं, हे वाचलं त्या दिवशी माझी छाती दोन इंच फुगली. आमादू कुरुमा त्याचं नाव. आयव्हरी कोस्टमधल्या बुंदियालीचा, १९२७ सालचा जन्म. जातीने मालिंके आणि शिक्षणाने ॲक्च्युअरी. ॲक्च्युअरी म्हणजे विमा कंपनीतला तो माणूस, जो हजार माणसांकडे नुसता बघून यातली यंदा किती जाणार ते सांगतो. कोण जाणार ते मात्र सांगत नाही. नाहीतर लोकांनी त्याचा ज्योतिषीच केला असता. आमच्या ऑफिसात ॲक्च्युअरी हा शब्द, देवळात पुजारी गाभाऱ्याकडे बघून बोलतो, तशा आवाजात उच्चारला जायचा. त्याची कोष्टकं यायची. तो स्वतः कधी दिसला नाही.

हा कुरुमा फ्रेंचांच्या फौजेतून इंडोचायनात जाऊन आला, लिओंला गणित आणि विमा शिकला, देश स्वतंत्र झाल्यावर परत आला, १९६३ साली सरकारच्या मर्जीतून उतरला, तुरुंग पाहिला, आणि मग आयुष्याची पुढची कितीतरी वर्षं अल्जीरिया, कॅमेरून, टोगो अशी परदेशात काढली. पोटासाठी विमा, आणि बाकी कादंबऱ्या. यावुंदे गावात तर तो विम्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचा चक्क प्रमुख होता. पहिली कादंबरी १९६८ साली, दुसरी १९९० साली. मध्ये बावीस वर्षं! विम्याचा हप्ता भरायला गिऱ्हाईक लावतं त्याच्याहून जास्त वेळ.

ही बातमी मी घरात जाहीर केली. आमची ही तांदूळ निवडत होती.

"विम्यातल्या माणसाने कादंबरी लिहिलीय?" ती मान वर न करता म्हणाली, "मग शेवटच्या पानावर बारीक टाइपात काय काय अटी आहेत ते आधी वाचा हो."

हा टोमणा तिने मारला तेव्हा तिने पुस्तक उघडलेलंसुद्धा नव्हतं. मी पुढे वाचत गेलो तसा तो मला वारंवार आठवत राहिला.

बक्षिसाची गोष्टही मजेची आहे. पॅरिसमध्ये द्रुआं नावाचं एक खानावळवजा बडं रेस्टॉरंट आहे. तिथे दर नोव्हेंबरात गोंकूर पारितोषिकाची पंचमंडळी जेवायला बसतात आणि जेवता जेवता वर्षातली उत्कृष्ट कादंबरी ठरवतात. बक्षिसाची रक्कम दहा युरो. हो, दहा! एवढ्यात धड त्यांच्यासारखं जेवणसुद्धा होणार नाही. पण पुस्तकावर लाल पट्टी चढते आणि प्रती मात्र लाखांनी खपतात. ही मंडळी आत जेवत असताना निकालाची वाट बघत बाहेर बातमीदार ताटकळायचे. १९२६ साली त्यांनी विचार केला, की आपणही एक बक्षीस का देऊ नये? त्याचं नाव रेनोदो. त्यात दहा युरोसुद्धा नाहीत. शाल नाही, श्रीफळ नाही. पण उपाशी बातमीदारांच्या संयमातून जन्माला आलेलं हे बक्षीस आज फ्रान्समधल्या मोठ्या मानांपैकी एक आहे. २००० साली ते कुरुमाला मिळालं, त्याच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. कादंबरीचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'अल्ला बांधील नाही'.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. तिकडे शाळाकॉलेजातल्या पोरांचं एक वेगळं गोंकूर असतं. सुमारे दोन हजार विद्यार्थी तीच यादी वाचतात आणि आपला निराळा कौल देतात. त्यांनीही याच म्हाताऱ्याला निवडलं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण हे पुस्तक लिहायची गळही पोरांनीच घातली होती. जिबुतीला कुरुमा गेला असताना तिथल्या मुलांनी त्याला टोळीयुद्धांवर काहीतरी लिहा म्हणून सांगितलं, आणि पुस्तकाची अर्पणपत्रिकाही त्या मुलांनाच आहे. आपल्याकडे लेखकाला मुलं भेटली तर सही मागतात.

मला फ्रेंच येत नाही. फ्रँक विन या भाषांतरकाराने २००६ साली केलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचलं. म्हणजे मालिंकेतून विचार, फ्रेंचमधून लिखाण, इंग्रजीतून छपाई आणि मराठीतून समजूत. इतके हात बदलून आलेली वस्तू एरवी आपण घरात घेत नाही. पण या माणसाचं सगळं आयुष्यच भाषेच्या या भानगडीत गेलं आहे. त्याची पहिली कादंबरी पॅरिसच्या प्रकाशकांनी परत पाठवली होती. का, तर फ्रेंच बरोबर नाही! आमच्या ऑफिसातले एक हेडक्लार्क साहेबाला "डोन्ट ईट माय हेड" असं ठणकावून सांगायचे. त्यांचं इंग्रजी चुकीचं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. ते मराठी होतं, फक्त शब्द इंग्रजी होते. कुरुमाने हेच केलं, पण ठरवून. मालिंके भाषेत माणूस मरत नाही, 'संपतो'. त्याने फ्रेंचमध्येही त्याला संपवला. पॅरिसकर अडखळले. आपण अडखळलो नसतो. 'म्हातारा आटोपला' म्हणणाऱ्या समाजाला त्यात काय कठीण? शेवटी ते पुस्तक आधी कॅनडात, माँट्रियलला छापलं गेलं. त्याचं कौतुक झाल्यावर मग १९७० साली पॅरिसलाही ती फ्रेंच बरोबर वाटायला लागली.

आता मुख्य पुस्तक. गोष्ट सांगणारा पोरगा आहे बिराहिमा. वय दहा किंवा बारा. त्याला स्वतःलाच नक्की माहीत नाही. (आमच्या सेक्शनला वयाचा दाखला नसलेली फाइल जागची हलत नसे. म्हणजे हा पहिल्याच पानावर अडकला असता.) शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. पुढे शिकून काही नोकरीबिकरी मिळत नाही, असं सगळेच म्हणतात म्हणून सोडली. तोंड अतिशय घाण. स्वतःची ओळख तो मुद्दा नंबर एक, मुद्दा नंबर दोन अशी करून देतो. एखाद्या ऑफिस सर्क्युलरसारखी. आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी मालिंके भाषेत एक कचकचीत शिवी. ती शिवीही तो समजावून सांगतो.

"फाफोरो म्हणजे काय हो?" हिने एकदा माझ्या खांद्यावरून वाचत विचारलं.

"वडिलांविषयी काहीतरी आहे," मी म्हणालो आणि पान उलटलं.

तर या तिसरी पास पोराजवळ चार डिक्शनऱ्या आहेत. लारूस आणि प्ती रोबेर या दोन फ्रेंच. तिसरा आफ्रिकेतल्या फ्रेंचमध्ये रूढ झालेल्या खास शब्दांचा कोश. चौथी हॅरप्स. हिशेब त्याचा अगदी चोख. फ्रेंचमधले जडजड शब्द आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना कळावेत म्हणून लारूस आणि प्ती रोबेर. आफ्रिकेतले शब्द फ्रान्सच्या गोऱ्यांना कळावेत म्हणून तिसरा. आणि पिजिन, म्हणजे तिकडच्या बंदरी इंग्रजीतले शब्द, ते न कळणाऱ्या फ्रेंच बोलणाऱ्यांना कळावेत म्हणून चौथी. थोडक्यात, त्याची गोष्ट समजली नाही अशी सबब कुणालाही सांगता येऊ नये, असा हा कडेकोट बंदोबस्त आहे. दर दोन वाक्यांनी गाडी थांबते, कंस उघडतो, आणि पोरगा मास्तरांसारखा अर्थ सांगायला लागतो. साधा 'ग्बाका' म्हटलं की लगेच कंसात: म्हणजे भाड्याची मोटार.

पहिली वीसपंचवीस पानं मी अक्षरशः खो खो हसत होतो. मोल्सवर्थ उघडून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या वाड्यात एक आजोबा होते, ते भांडणाच्या ऐन मध्यावर "थांबा, तुम्ही वापरलेला शब्द पाहून येतो," म्हणून आत जायचे. परत येईपर्यंत भांडण निवलेलं असायचं. बिराहिमाचंही तसंच असेल असं वाटत राहतं. कंस उघडला की क्षणभर हायसं वाटतं. डिक्शनरीत कोणी कोणाला मारत नाही.

पण कंसाबाहेर काय चाललं आहे? आईच्या पायाला बरी न होणारी जखम. ती जमिनीवर बसल्या बसल्या सरकत हिंडते. गावातली माणसं तिला समजावतात, की अल्ला या पृथ्वीवरच्या सगळ्याच गोष्टी न्यायाने करायला बांधील नाही. पुस्तकाचं नाव तिथून आलेलं आहे. आई संपते. लायबेरियात माहान नावाची मावशी आहे, तिच्याकडे पोराला पोचवायचं ठरतं. बरोबर याकुबा नावाचा एक लंगडा गृहस्थ. याचा व्यवसाय दुहेरी. एक, नोटा दुप्पट करून देणे. दोन, ताईत विकणे. वर्षं कोणती, तर १९८९च्या नाताळात लायबेरियात यादवी पेटली त्यानंतरची. याकुबा पोराला सांगतो, तिकडे लहान मुलांना काम मिळतं. पगार, जेवण आणि वर एक कलाश्निकोव बंदूक.

सीमेपलीकडे त्यांच्या मोटारीवर छापा पडतो, आणि तो घालणारी असतात पोरंच. बिराहिमापेक्षा फार मोठी नव्हेत. त्यांना हुद्दे आहेत, कॅप्टन वगैरे. आमच्याकडे हेडक्लार्क व्हायला अठरा वर्षं लागत.

हा याकुबा माझा विशेष आवडता. ताईत विकतो तो बंदुकीच्या गोळीपासून संरक्षणाचा. ज्याच्या गळ्यात ताईत, त्याला गोळी लागणार नाही. मग त्याच्या गळ्यात ताईत असतानाच एखादा सैनिक पटकन गोळी लागून पडतो. आता तुम्ही म्हणाल, याकुबाची आता खैर नाही. छे! ताईताला पथ्यं असतात. मेलेल्याने त्यातलं कुठलं तरी मोडलं असणार. ताईत निर्दोष, मेलेला दोषी, आणि नव्या ताईताचे पैसे आगाऊ.

इथे मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ नुसता छताकडे बघत बसलो. आमच्या हिने म्हटलेल्या बारीक टाइपातल्या अटी त्या याच! कुरुमाने आयुष्याची कितीतरी वर्षं विम्यात घालवली आहेत. मेलेल्याच्या गळ्यातला ताईत तपासून 'क्लेम नामंजूर' असा शेरा मारणारा माणूस त्याने कुठे पाहिला असेल, हे मला कोणी सांगायला नको. आफ्रिकेच्या जंगलात खचितच नव्हे.

वरच्या मजल्यावरचे अण्णा पुस्तक चाळून परत द्यायला आले ते रागानेच. "लहान पोरं बंदुका घेऊन मरताहेत आणि तुम्ही हसताय? हा काय विनोदाचा विषय आहे?" अण्णा सज्जन आहेत. त्यांना वाईट वाटलं की ते आवाज चढवतात. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही किती पानं वाचलीत?" "चाळीस." "मग बरोबर आहे. चाळिसाव्या पानाला मीही हसत होतो. साठाव्याला या."

कारण साठ पानांच्या आसपास कंसांचं काहीतरी व्हायला लागतं. डिक्शनऱ्या त्याच, पोरगा तोच, पण आता तो ज्या शब्दांचे अर्थ सांगतो ते मोठ्या माणसांचे आहेत. शांतिसेना आली. आता शांतिसेना म्हणजे काय, ते तो समजावतो. त्याच्या सांगण्यानुसार ती आहे शेजारच्या देशाने येऊन दोन्ही बाजूंची निरपराध माणसं मारण्याची अधिकृत सोय. अर्थ मांडायची पद्धत तीच, सुरुवातीच्या मोटारीसारखी. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. अर्थ पाहिला, सांगितला, कंस बंद, शिवी, पुढचं वाक्य. तिसरी पास पोराला हे शब्द माहीत नव्हते म्हणून त्याने डिक्शनरी पाहिली. आपल्याला ते माहीत आहेत असं आपण समजत होतो.

आणि मग मृत्युलेख. पुस्तकातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली पानं ती. बरोबरीचा एखादा पोरसैनिक मेला, की बिराहिमा गोष्ट थांबवतो आणि त्याच्यावर दोन शब्द बोलतो. दोन शब्द म्हणजे दोनतीन पानं. हा कुठल्या गावचा, घरी कोण होतं, शाळेत होता का, बंदूक कशी हातात आली. किक नावाचा एक आहे. पाय सुरुंगावर पडला. तो शाळेत जाणारा होता. गावावर हल्ला झाला तेव्हा जंगलात पळाला, परत आला तर घरात जिवंत असं त्याचं कोणी उरलेलं नव्हतं. मग बिराहिमा विचारतो, की ज्याला आई नाही, बाप नाही, भावंड नाही, आणि जो अजून लहान आहे, त्याने अशा देशात करायचं काय? उत्तरही तोच देतो: पोरसैनिक व्हायचं. एवढंच. यावर डिक्शनरी नाही.

पण सगळ्यांवर तो बोलत नाही. काही पोरं मरतात आणि तो सरळ सांगतो, यांच्याविषयी मी बोलणार नाही. ते माझे दोस्त नव्हते, मला तसा मूड नाही, आणि अल्लाच जिथे बांधील नाही तिथे मी तरी कशाला असू? पुस्तकाचं नाव असं पोराच्या तोंडी येतं. देवाचं बघून पोरगाही शिकला.

मी क्लेम सेक्शनला एवढी वर्षं बसलो. आमच्या फॉर्मवर मयताचं नाव, वय, दाखला, मृत्यूचं कारण, वारसाशी नातं असे रकाने असत. कारणाचा रकाना दीड इंचाचा. त्यात 'हृदयक्रिया बंद पडून' हे व्यवस्थित मावायचं; ते लिहिणाऱ्याने बहुतेक मापूनच शोधून काढलं असावं. कुरुमाने आयुष्यभर असलेच रकाने पाहिले. मुलं किती वयाची असताना किती दगावतात याचं कोष्टक त्याला तोंडपाठ असणार. त्या कोष्टकात किक बसतो, एक म्हणून बसतो. निवृत्त झाल्यावर या विमेवाल्याने दीड इंचाच्या रकान्याची तीन पानं केली. अण्णांना मी हेच सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "पण मग त्यात शिव्या कशाला?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. नंतर जिन्यात सुचलं, पण तोवर त्यांनी दार लावून घेतलं होतं.

पुस्तक सगळंच सारखं उत्तम आहे असं मात्र नाही. उत्तरार्धात पोरगा सिएरा लिओनला पोचतो आणि तिथल्या राजकारणाची लांबच लांब पानं सुरू होतात. कोणता पुढारी, कोणती परिषद, कोणी कोणाला कोणत्या तारखेला उलथवलं. तिथे बिराहिमा गायब होतो आणि कोणीतरी पेपर मोठ्याने वाचून दाखवतोय असं वाटतं. मी दोनदा पेंगलो. पण त्यातली नावं खरी आहेत हे विसरून चालत नाही. चार्ल्स टेलर, सॅम्युअल डो, प्रिन्स जॉन्सन ही माणसं कादंबरीकाराने कल्पिलेली नाहीत. टेलरला २०१२ साली सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने पन्नास वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच्यावर सिद्ध झालेल्या गुन्ह्यांत लहान मुलांना युद्धात वापरल्याचाही गुन्हा होता. प्रिन्स जॉन्सन मात्र २००५च्या निवडणुकीत सिनेटर म्हणून निवडून आला आणि २०२४ साली मरेपर्यंत निवडून येतच राहिला. त्याला अल्ला काय, मतदारही बांधील नसावेत.

डिक्शनऱ्या त्या पोराकडे आल्या कुठून, हे पार शेवटी कळतं. निर्वासितांच्या कचेरीत काम केलेला एक दुभाष्या होता. तो मेला, आणि त्याची ही इस्टेट फिरत फिरत बिराहिमाच्या हाती आली. वारस कोण, नातं काय, काही विचारणा नाही. मावशी शेवटपर्यंत जिवंत भेटत नाही. डॉक्टर असलेला एक भाऊ मोटारीतून त्याला परत घेऊन निघतो आणि वाटेत म्हणतो, सांग रे सगळं. पोरगा डिक्शनऱ्या उघडतो, मुद्दा नंबर एकपासून सुरू करतो.

यावर पुस्तक संपलं म्हणून मी ते कपाटात ठेवलं, पण पोरगा संपला नव्हता. २००२च्या सप्टेंबरात कुरुमाच्या स्वतःच्याच देशात, आयव्हरी कोस्टमध्ये, यादवी सुरू झाली. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने पुन्हा बिराहिमाला बोलावलं. पुन्हा त्याच डिक्शनऱ्या. या खेपेला दालोआ गावातून बुआकेकडे निघालेला बिराहिमा, आणि त्याच्याबरोबर एका इमामाची सुंदर मुलगी फांता. ती वाटेत त्याला देशाचा इतिहास शिकवते, आणि तो तिच्याशी लग्न करायचे मनोरे रचत रचत तो ऐकतो.

हे मी जेवताना सांगत होतो. ही वाढायची थांबली.

"मग? पोचतात का हो ती दोघं?"

"लिहिणारा मध्येच संपला. २००३च्या डिसेंबरात, लिओंला. होतं तेवढं पुढच्या वर्षी छापलं."

"अगंबाई," ती म्हणाली. मग आमटीची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "ते पहिलं पुस्तक जरा काढून ठेवा. दुपारी बघते. आणि ती शिवीचा अर्थ त्यातच दिलाय ना? मग मला माझा मीच कळेल."